दोषाचा शोध : मोटारीतील वीज आणि गारवा

मे महिन्यातील चेन्नईचा उन्हाळा तमिळ लोक 'अग्नि नक्षत्रम्' या नावाने ओळखतात. मराठी पंचांगात सूर्य कृत्तिका नक्षत्रात असतो, त्याच सुमाराचे हे दिवस. ३१ मे २००३ रोजी या शहरात तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढले होते. परंतु चेन्नईच्या उकाड्याची खरी तीव्रता केवळ तापमापकावरून कळत नाही. समुद्रालगत वसलेल्या या शहरातील हवा बारमाही दमट असते. ३६ अंशांच्या सावलीतही अंगावरचा घाम वाळत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आतील हवा तर पाहता पाहता साठ अंशांच्या घरात जाते. अशा ठिकाणी दिवसाचे दहा-बारा तास सुकाणूमागे बसणाऱ्या टॅक्सीचालकाच्या दृष्टीने वातानुकूलन ही चैनीची वस्तू राहत नाही. गारवा नसलेल्या टॅक्सीत प्रवासी बसत नाही आणि प्रवासी बसला नाही तर घरची चूल पेटत नाही.

मोटार आणि हे शहर यांचा संबंध जुना आहे. १९९६ पर्यंत मद्रास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगरीच्या उत्तरेस, एन्नोर येथे, १९४८ साली स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये अशोक लेलँड असे नामांतर झाले. मोटारीतील विजेची साधने बनविणारी लुकास-टीव्हीएस ही संस्था १९६१ मध्ये पाडी येथे उभी राहिली. १९९८ पासून श्रीपेरुंबुदूरजवळील इरुंगाट्टुकोट्टै येथे ह्युंदाईच्या मोटारी तयार होऊ लागल्या, तर २०१० मध्ये ओरगडम येथे रेनॉ-निस्सानचा कारखाना सुरू झाला. जुन्या सुट्या भागांसाठी पुदुपेट्टै या वस्तीचे नाव सर्वतोमुखी आहे. कारखान्यांइतकीच दुरुस्तीची लहानमोठी दुकाने हेही या शहराचे वैशिष्ट्य होय.

या दुकानांत दोन व्यवसाय पूर्वी वेगळे मानले जात. बॅटरी, डायनामो आणि दिवे पाहणारा तो वायरमन, आणि गॅस भरणारा तो एसीवाला. आजच्या मोटारीत ही विभागणी टिकत नाही. गारव्याची तक्रार पुष्कळदा विजेच्या दोषातून उद्‌भवते आणि विजेचा दोष गारव्याच्या रूपाने प्रकट होतो. म्हणून या प्रकरणात दोन्हींचा विचार एकत्र केला आहे. त्यातील मुख्य सूत्र साधे आहे : आधी मोजावे, मग बदलावे.

उष्णतेचा प्रवास

वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करते, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ते उष्णता एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकते. विहिरीतील पाणी रहाटाने वर काढून पाटात सोडावे, तसाच हा प्रकार आहे. येथे रहाटाचे काम कॉम्प्रेसर करतो आणि पोहऱ्याचे काम करतो तो प्रशीतक, ज्याला गॅरेजमध्ये नुसते 'गॅस' म्हणतात.

भारतातील बहुसंख्य मोटारींत आर-१३४ए या नावाचा प्रशीतक वापरला जातो. वातावरणाच्या सामान्य दाबाखाली तो उणे २६ अंश सेल्सियसला उकळतो. दाब वाढविला की त्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. सारी युक्ती या एका गुणधर्मात सामावलेली आहे. चालकाच्या पुढील फळीमागे असलेल्या इव्हॅपोरेटर नावाच्या जाळीत दाब कमी ठेवलेला असतो. तेथे द्रव प्रशीतक एक-दोन अंशांच्या आसपास उकळू लागतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता आतील हवेतून शोषून घेतो. तयार झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि तिचा दाब कित्येक पटींनी वाढवितो. ही तप्त वाफ मोटारीच्या अग्रभागी बसविलेल्या कंडेन्सरमध्ये येते. बाहेरची हवा चाळीस अंशांची असली तरी वाफ तिच्याहून अधिक तापलेली असल्यामुळे आपली उष्णता हवेला देऊन पुन्हा द्रवरूप होते. पुढे ड्रायरमध्ये तिच्यातील ओलावा व कचरा शोषला जातो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना दाब एकदम उतरून चक्र पूर्ण होते.

दमट हवेत या यंत्रावर दुहेरी भार पडतो. हवा थंड करण्याबरोबर तिच्यातील बाष्पाचे पाणीही करावे लागते, आणि एक किलोग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तीही कंडेन्सरलाच वाहून टाकावी लागते. चेन्नईच्या रस्त्यावर उभ्या मोटारीखाली स्वच्छ पाण्याचे थेंब टपकताना दिसले, तर ते बिघाडाचे चिन्ह समजू नये. इव्हॅपोरेटर आपले काम चोख करीत असल्याची ती खूण आहे. याउलट, निचऱ्याची नळी धुळीने बुजली तर तेच पाणी चालकाच्या पायाशी साचते आणि गालिच्याखालील तारांचे जोड कुजवू लागते. गारव्यातील दोष विजेत कसा उतरतो, याचे हे पहिले उदाहरण.

विजेचा वाटा

कॉम्प्रेसरला फिरविण्याचे बळ बहुतेक पेट्रोल व डिझेल मोटारींत इंजिनाकडून पट्ट्याच्या द्वारे मिळते. परंतु त्याने केव्हा फिरावे व केव्हा थांबावे, हे वीज ठरविते. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी विद्युत्‌चुंबकीय क्लच असतो. त्याच्या वेटोळ्यातून साधारण तीन ते चार अँपिअर धारा वाहू लागली की चकती पुलीला चिकटते व कॉम्प्रेसर फिरू लागतो. ही धारा सुरू होण्यापूर्वी तिला अनेक दारे ओलांडावी लागतात : चालकाची कळ, फ्यूज, रिले, तापमानाचा संवेदक आणि दाबाची कळ. गॅस फार कमी झाला किंवा दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेला, तर दाबाची कळ वाट बंद करते. नव्या मोटारींत या साऱ्यांवर संगणकाची देखरेख असते.

रिले म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. पंख्याच्या मोटारीला दहा-पंधरा अँपिअर लागतात. एवढी धारा चालकाच्या नाजूक कळीतून नेली तर कळ जळून जाईल. म्हणून कळीतून केवळ अल्प धारा रिलेच्या वेटोळ्यात जाते आणि त्या वेटोळ्याच्या चुंबकत्वाने आतील जाड संपर्क जुळतात. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ८५ व ८६ हे वेटोळ्याचे पाय, ३० हा बॅटरीकडून येणारा आणि ८७ हा भाराकडे जाणारा. हे चार आकडे ध्यानात ठेवणाऱ्याला नकाशा हाताशी नसतानाही निम्मा मार्ग उमजतो.

या सर्व व्यवस्थेचा पाया बॅटरीत आहे. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. तीच १२ व्होल्टपर्यंत उतरली तर ती जवळजवळ रिकामी झाली, असे मानावे. इंजिन चालू असताना आल्टर्नेटरने हा आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान राखला पाहिजे. स्टार्टर फिरत असताना तो साडेनऊच्या खाली जाऊ लागला, तर बॅटरी क्षीण झालेली असते किंवा तिचे जोड सैल झालेले असतात. कोणत्याही तक्रारीची तपासणी या तीन आकड्यांपासून सुरू करावी. पाया खचलेला असताना वरच्या भिंती तपासण्यात अर्थ नसतो.

एक तक्रार आणि तिचा माग

आता एका उदाहरणाने ही पद्धती स्पष्ट करू. मे महिन्याच्या दुपारी एक टॅक्सी गॅरेजमध्ये येते, अशी कल्पना करा. चालक म्हणतो, "अण्णा, गारवा येत नाही. गॅस संपला असेल, तेवढा भरून द्या." घाईतला कारागीर त्याचे म्हणणे शिरोधार्य मानून गॅसची टाकी जोडील. विचारी कारागीर आधी दोन प्रश्न विचारील : गारवा कधीच येत नाही, की काही वेळा येतो? आणि येत नाही तो कोणत्या वेळी?

उत्तर मिळते की तांबरमच्या पुढे मोठ्या रस्त्यावर गाडी वेगाने धावत असता आत चांगला गारवा असतो, परंतु अण्णा सालैवर सिग्नलला उभे राहिले की दोन मिनिटांत गरम वारा येऊ लागतो. या एका वाक्यात अर्धे निदान दडलेले आहे. गॅस जर अगदीच कमी असता, तर मोठ्या रस्त्यावरही पुरेसा गारवा मिळाला नसता. धावत्या आणि उभ्या गाडीत फरक कोणता? धावत्या गाडीच्या कंडेन्सरवर वारा आपोआप आदळतो. उभ्या गाडीत तो केवळ पंख्याकडून मिळतो. म्हणजे संशय पंख्याकडे वळतो. मात्र संशय म्हणजे निर्णय नव्हे. त्याची परीक्षा झाली पाहिजे.

पहिली परीक्षा दाबमापकांची. गॅरेजमध्ये दाब अद्यापि दर चौरस इंचास पौंड या मापात सांगतात. येथेही 'पौंड' हा शब्द त्याच अर्थाने घेतला आहे. बाहेर ३६ अंश तापमान असताना निरोगी यंत्राच्या कमी दाबाच्या बाजूस ३० ते ४० पौंड आणि अधिक दाबाच्या बाजूस २०० ते २५० पौंडांच्या आसपास वाचन मिळावे. प्रत्येक बनावटीच्या मोटारीचे नेमके आकडे तिच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. आपल्या टॅक्सीत, ती जागेवर उभी असताना, ५५ आणि ३३० असे आकडे येतात व दुसरा आकडा चढतच जातो.

दोन्ही बाजूंचे दाब अधिक असण्याची कारणे मुख्यतः तीन : गॅस प्रमाणाबाहेर भरलेला असणे, नळ्यांत हवा शिरलेली असणे, किंवा कंडेन्सरची उष्णता बाहेर न जाणे. तिन्हींतून निवड करण्याचा उपाय अगदी सोपा आहे. घरगुती उभा पंखा आणून तो कंडेन्सरसमोर पूर्ण वेगाने लावावा. टॅक्सीचे वाचन काही मिनिटांत ३५ आणि २३० वर येते आणि आत गार वारा सुटतो. गॅसचे प्रमाण आणि कॉम्प्रेसरचे बळ ठीक असल्याचा हा सबळ पुरावा होय. उणीव फक्त वाऱ्याची आहे.

आता विजेकडे वळावे. कंडेन्सरच्या पट्ट्या स्वच्छ आहेत आणि मोटारीचा स्वतःचा पंखा फिरतो आहे. परंतु तो मंद फिरतो आहे. पंख्याची मोटार झिजली असेल असे म्हणून ती बदलण्याचा मोह येथे होतो. त्यापूर्वी मीटर हाती घ्यावा. इंजिन व पंखा चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांमध्ये मोजले असता १३.९ व्होल्ट मिळतात. पंख्याच्या मोटारीच्या दोन टोकांमध्ये मात्र १०.४ मिळतात. मधले साडेतीन व्होल्ट वाटेत कोठे तरी हरवले आहेत. ते शोधण्यासाठी मीटरची एक काडी बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी पंख्याच्या धन टोकावर ठेवावी : ०.४ व्होल्ट. फ्यूज, रिले आणि त्यांमधील तारा यांची ही एकत्रित हानी क्षम्य आहे. मग तसेच ऋण बाजूस मोजावे : ३.१ व्होल्ट. चोर सापडला. १०.४, ०.४ आणि ३.१ यांची बेरीज १३.९ येते, हिशेब पुरता मिटला.

ऋण बाजूची तार मोटारीच्या लोखंडी सांगाड्याला एका बोल्टने जोडलेली असते. तिला 'अर्थ' म्हणतात. या जोडावर दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक हानी होता कामा नये. बोल्ट काढून पाहिला तर त्याखाली तांबेऱ्याचा थर आणि तारेच्या टोकावर हिरवट पूड आढळते. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या, ओल्या हवेचे हे काम आहे. दोन भिन्न धातूंच्या मध्ये क्षारयुक्त पाणी आले की तेथे एक चिमुकला विद्युत्‌घट तयार होतो आणि त्यांपैकी एक धातू हळूहळू झिजू लागतो.

पंख्यातून १० अँपिअर धारा वाहत असता ३.१ व्होल्ट हरवतात, म्हणजे ओमच्या नियमाप्रमाणे त्या जोडाचा रोध ०.३१ ओम झाला. हा रोध इतका अल्प आहे की तार सोडवून साध्या मीटरने तो मोजला तर काहीच दोष दिसत नाही. मीटरच्या स्वतःच्या काड्यांचा रोधच जवळजवळ तेवढा असतो. म्हणून अशा जोडांची परीक्षा भार चालू ठेवूनच करावी लागते. विश्रांती घेणाऱ्या माणसाची नाडी पाहून तो डोंगर चढू शकेल की नाही, हे सांगता येत नाही. शिवाय ३.१ व्होल्ट आणि १० अँपिअर यांचा गुणाकार ३१ वॅट होतो. एवढी उष्णता त्या एका बोल्टपाशी सतत निर्माण होत होती. तारेचे आवरण वितळून आग लागण्याचे प्रसंग अशाच दुर्लक्षित जोडांमुळे येतात.

उपचार किरकोळ आहे. बोल्ट आणि सांगाड्याची बैठक घासून चकचकीत करावी, तारेचे टोक खराब असेल तर नवे बसवावे, घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा लेप द्यावा. त्यानंतर पुन्हा मोजावे. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. ऋण बाजूची हानी आता ०.१ व्होल्ट भरते, पंखा वेग घेतो आणि उभ्या गाडीत दाब २३५ वर स्थिरावतो. खर्च झाला तो मुख्यतः अर्ध्या तासाच्या श्रमाचा.

याच टॅक्सीत चालकाच्या सांगण्यावरून गॅस भरला असता तर काय झाले असते? आधीच ३३० पौंडांवर चढणारा दाब आणखी वाढला असता. ४०० पौंडांच्या आसपास दाबाची कळ कॉम्प्रेसर बंद करते. तो थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. असे दिवसभर चालले की क्लच जळतो, नळ्यांचे जोड गळू लागतात आणि अखेरीस कॉम्प्रेसर निकामी होतो. गॅसचे पैसे गेले, कॉम्प्रेसरचे पैसे गेले, दुरुस्तीच्या काळातील कमाई गेली, आणि गंजलेला बोल्ट जागच्या जागीच राहिला. निदानातील घाईची किंमत अशी चालकाच्या खिशातून वसूल होते.

दाबमापकांची भाषा

वरील उदाहरणात दोन्ही दाब अधिक होते. इतर जोड्याही काही सांगत असतात. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस कमी पडला आहे. अशा वेळी आधी गळती शोधावी, कारण गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कोठून तरी निसटला. जोडापाशी तेलकट डाग दिसला तर गळती तेथेच असण्याचा संभव फार, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. कमी दाबाची बाजू शून्याच्या खाली जाऊ लागली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलेला असावा. कमी बाजूस दाब अधिक आणि अधिक बाजूस कमी, असा उलट प्रकार दिसला तर कॉम्प्रेसर दुबळा झालेला असतो.

यंत्र बंद असतानाचे वाचन मात्र जपून वापरावे. ३० अंश तापमानाला बंद यंत्रातील आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पौंड असतो. परंतु आत द्रवाचा अल्प अंश शिल्लक असेल तोपर्यंत हा आकडा तेवढाच राहतो, मग गॅस पूर्ण असो वा निम्मा. स्वयंपाकघरातील सिलिंडर संपत येईपर्यंत शेगडीची ज्योत जशी कमी होत नाही, तसेच हे आहे. म्हणून गॅस अंदाजाने भरू नये. यंत्र रिकामे करून कारखान्याने ठरविलेले वजन काट्यावर तोलून भरावे. लहान मोटारीत हे वजन सामान्यतः ४०० ते ६०० ग्रॅम असते.

भरण्यापूर्वी निर्वात करणे अपरिहार्य आहे. नळ्या उघडल्या की दमट हवा आत शिरते. तिच्यातील पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठून मार्ग अडविते आणि तेलाशी मिसळून आम्लता निर्माण करते. ३० अंश तापमानाला पाणी उकळून वाफ व्हावे, यासाठी आतील दाब पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर उंचीच्या खाली न्यावा लागतो. प्रत्यक्षात तो त्याहूनही पुष्कळ खाली नेतात. पंप किमान अर्धा तास चालवावा, मग बंद करून मापकाचा काटा स्थिर राहतो की नाही, ते पाहावे. काटा परतू लागला तर गळती शिल्लक आहे किंवा आत अद्यापि पाणी आहे.

निसटलेल्या गॅसचे काय होते

पूर्वी मोटारींत आर-१२ हा प्रशीतक वापरीत. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की या जातीची द्रव्ये वातावरणाच्या उंच थरात जाऊन ओझोनचा नाश करू शकतात. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि आर-१२ ची जागा आर-१३४ए ने घेतली. नवा गॅस ओझोनला अपाय करीत नाही, परंतु पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवण्याच्या कामी तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट प्रभावी आहे. ५०० ग्रॅम गॅस हवेत सोडून देणे म्हणजे ७१५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. तीनशे लिटर पेट्रोल जाळले असता साधारण तेवढाच वायू निर्माण होतो. अशा द्रव्यांचा वापर क्रमाने घटविण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे करारात दुरुस्ती करण्यात आली आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. नळी सैल करून गॅस 'फुस्स' करून टाकण्याची सवय म्हणूनच सोडली पाहिजे. तो यंत्राने परत ओढून घेऊन साठविता येतो.

पुराच्या पाण्यानंतर

डिसेंबर २०१५ च्या आरंभी चेन्नईत प्रचंड पाऊस झाला, अड्यार नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि असंख्य मोटारी बुडाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी पुन्हा तसाच प्रसंग आला. पाणी ओसरल्यावर चालकाच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक म्हणजे गाडी चालू होते का, हे पाहण्यासाठी किल्ली फिरविणे. इंजिनात पाणी असेल तर ते मोडते आणि ओल्या जोडांतून वीज वाहू लागली की धातूची झीज अनेक पटींनी वेगाने होते. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. त्यानंतर फ्यूजची पेटी, संगणकाची पेटी आणि गालिच्याखालील सर्व जोड उघडून स्वच्छ पाण्याने, मग जोडांसाठीच्या द्रवाने धुवावेत व पूर्ण वाळवावेत. असे न केल्यास गाडी त्या दिवशी कदाचित चालेलही, परंतु काही महिन्यांनी एखादा दिवा आपोआप लागेल, पंखा मधूनच थांबेल आणि दोषाचे मूळ कोणालाच आठवणार नाही.

अशा लहरी दोषांपुढे हार मानून फ्यूजच्या जागी जाड तार बसविण्याचा किंवा दाबाच्या कळीची दोन टोके कायमची जोडून टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. फ्यूज वारंवार जळतो, तेव्हा तो काही सांगत असतो. त्याचे तोंड बंद केले की पुढच्या वेळी तार जळते. दाबाची कळ बंद पाडली तर गॅस संपलेला असतानाही कॉम्प्रेसर फिरत राहतो. गॅसबरोबर फिरणारे तेल त्याला मिळत नाही आणि तो थोड्याच काळात जखडतो. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर कॉम्प्रेसरलाच शेकडो व्होल्टचा पुरवठा असतो. नारिंगी आवरणाच्या त्या तारांना विशेष प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नये.

समारोप

या विद्येचे क्षेत्र आता विस्तारत आहे. भारत सरकारच्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांहून अधिक भाराच्या मालमोटारींत चालकाच्या कक्षासाठी वातानुकूलन अनिवार्य करण्यात आले आहे. ज्या चालकांनी पिढ्यान्‌पिढ्या इंजिनाच्या धगीशेजारी बसून देश पालथा घातला, त्यांना या नियमाने विसावा मिळावा, असा हेतू आहे. तो विसावा टिकणे मात्र रस्त्याकडेच्या कारागिराच्या हाती राहील. त्याच्यापाशी महागडी उपकरणे असोत वा नसोत. एक मीटर, दाबमापकांची एक जोडी आणि तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेण्याचा धीर एवढे असले तरी पुष्कळ दोष सापडतात. भाग बदलून पाहणारा कारागीर एखाद्या वेळी यशस्वी होतो. मोजून पाहणाऱ्याला आपण यशस्वी का झालो, हेही ठाऊक असते, आणि तेच ज्ञान पुढच्या गाडीच्या कामी येते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गाडी धावत असताना गारवा मिळतो व उभी असताना मिळत नाही. या तक्रारीत प्रथम कोणत्या भागाचा संशय घ्यावा? का?

२. बॅटरीवर १४ व्होल्ट, पंख्यावर ११.५ व्होल्ट आणि ऋण बाजूस ०.१ व्होल्ट हानी, असे वाचन मिळाले. धन बाजूस किती व्होल्ट हानी होत आहे? कोणते भाग तपासाल?

३. बंद यंत्रातील दाब योग्य आहे, एवढ्यावरून गॅस पुरेसा आहे असे का म्हणता येत नाही?

४. तारेच्या जोडाची परीक्षा भार चालू ठेवून का करावी, हे ओमच्या नियमाच्या आधारे स्पष्ट करा.